कलावंताचा आंतरजालीय पोर्टफोलिओ : निवड, नोंद आणि जतन

'पोर्टफोलिओ' हा शब्द मूळ इटालियन भाषेतला. वाहून नेणे या अर्थाचे क्रियापद आणि पान या अर्थाचे नाम यांच्या संयोगातून तो सिद्ध झाला आहे. सुटी पाने सांभाळून नेण्याची पेटी वा बस्ता हा त्याचा पहिला अर्थ होय. कलावंताने आपल्या निवडक कामाचे नमुने पारखी व्यक्तीपुढे ठेवावेत, यासाठी तो बस्ता असे. आंतरजालाच्या प्रसारानंतर बस्त्याचे रूप पालटले, परंतु त्याचे प्रयोजन पालटलेले नाही. प्रस्तुत लेखात या प्रयोजनाच्या अनुषंगाने आंतरजालीय पोर्टफोलिओची घडण विशद करण्याचा विचार आहे.

बंगळूर शहरापुरते पाहिले, तर मराठीच्या अभ्यासकाला परिचित असा एक पूर्वदाखला येथे उपलब्ध आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास शहाजीराजांचा दरबार बंगळुरास होता. त्या दरबारी आलेल्या जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथाचे संपादन इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. जयरामाने राजांपुढे बारा नारळ ठेवले आणि आपल्याला बारा भाषांत काव्य रचता येते असे त्यातून सुचविले, अशी हकीकत त्यात येते. ग्रंथाच्या उत्तरभागात निरनिराळ्या भाषांतील रचनाही आहेत. अपरिचित कलावंताने आपली ओळख कशी करून द्यावी, याचे हे एक नमुनेदार उदाहरण म्हणता येईल. त्यात तीन गोष्टी दिसतात : मोजका आणि स्पष्ट दावा, त्या दाव्यामागे प्रत्यक्ष रचनेचा पुरावा, आणि पुढे तो पुरावा लेखनात टिकून राहणे. तिसरी गोष्ट घडली नसती, तर पहिल्या दोन आपल्याला कळण्याचा संभव नव्हता. पोर्टफोलिओचा विचारही याच तीन अंगांनी करणे उचित ठरेल.

बदललेली परिस्थिती

कलाकृती प्रथम प्रत्यक्ष पाहावी आणि मग तिची प्रतिमा संग्रही ठेवावी, हा क्रम आता बहुधा उलटा झाला आहे. बंगळूरच्या 'म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी' या संग्रहालयाचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. डिसेंबर २०२० मध्ये ते आंतरजालावर खुले झाले. कस्तुरबा मार्गावरील त्याची वास्तू प्रेक्षकांसाठी उघडली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. कर्नाटक चित्रकला परिषदेची 'चित्रसंते' ही वार्षिक चित्रजत्रा एरवी कुमारकृपा मार्गावर भरते. चित्रकार पदपथावर चित्रे मांडून बसतात आणि पाहणारा थेट त्यांच्याशी बोलतो. २०२१ मध्ये महासाथीमुळे ही जत्रासुद्धा आंतरजालावर भरवावी लागली.

शिष्यवृत्ती, निवासी कलाशिबिर, प्रदर्शन किंवा नोकरी यांसाठीची पहिली चाळणी आज पुष्कळदा पडद्यावरच होते. बेळगाव, बीदर किंवा कलबुर्गी येथे राहून काम करणाऱ्या मराठी कलावंताच्या दृष्टीने यात मोठी संधी आहे आणि तेवढीच जोखीमही. परीक्षक त्याच्या कार्यशाळेत येणार नाही. जे पडद्यावर नाही, ते त्या परीक्षकाच्या लेखी अस्तित्वातच नाही.

निवड

पोर्टफोलिओ म्हणजे आजवरच्या सर्व कामाचे भांडार नव्हे. पाहणाऱ्याजवळ वेळ थोडा असतो आणि संग्रहातील दुबळे काम सबळ कामाचाही प्रभाव उणावते. त्यामुळे साधारणपणे पंधरा ते वीस कृती पुरेशा मानाव्यात. त्या कालानुक्रमे लावण्यापेक्षा मालिका किंवा प्रकल्प यांनुसार लावल्यास कलावंताच्या विचाराची दिशा ध्यानात येते. एका मालिकेतील चार चित्रे एकत्र पाहताना जो प्रश्न कलावंत सोडवू पाहतो आहे तो उमगतो. निरनिराळ्या शैलींतील वीस सुटी चित्रे केवळ हाताची सफाई दाखवितात.

नाट्य, नृत्य, चित्रपट यांसारख्या सामूहिक कलांत निवडीबरोबरच वाट्याचा उल्लेख आवश्यक असतो. दिग्दर्शन कोणाचे, नेपथ्य कोणाचे आणि आपण नेमके काय केले, हे स्पष्ट लिहावे. सबंध प्रयोगाच्या चित्रीकरणापेक्षा दोन-तीन मिनिटांचा सलग अंश अधिक उपयोगी पडतो. कारण अनेक तुकडे जोडून केलेल्या चित्रफितीत संकलकाचे कौशल्य दिसते, नटाचे दिसत नाही.

नोंद

प्रत्येक कृतीखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार (प्रथम उंची, नंतर रुंदी, सेंटिमीटरमध्ये) आणि कृती कोणाच्या संग्रही आहे, ही माहिती असावी. पडद्यावर हाताएवढे चित्र आणि भिंतीएवढे चित्र सारखेच दिसते. म्हणून आकाराची नोंद ही औपचारिकता मानू नये; तो आस्वादाचाच भाग आहे. छायाचित्रकाराचे नावही द्यावे.

छायाचित्र घेताना काच काढून ठेवावी, कॅमेरा चित्रपृष्ठाला समांतर धरावा आणि दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांत सारखा प्रकाश पाडावा. चौकटीच्या कडेला करड्या रंगाचा प्रमाणपट्टा ठेवून एक छायाचित्र घेतल्यास पुढे रंग नेमके जुळविता येतात. मूळ प्रत 'टिफ' स्वरूपात जपावी. संकेतस्थळासाठी तिच्यावरून 'जेपेग' प्रत करावी. लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आसपास असावी आणि रंगव्यवस्था 'एसआरजीबी' असावी. प्रतिइंच बिंदूंचा आकडा छपाईच्या वेळी महत्त्वाचा असतो. पडद्यावर एकूण पिक्सेलच मोजले जातात.

भाषा

मराठी कलावंतांच्या आत्मनिवेदनाची परंपरा दुबळी नाही. म. वि. धुरंधर यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे पुस्तक १९४० मध्ये, तर प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात एका कलासंस्थेचा वृत्तान्त आहे, दुसऱ्यात निर्मितिप्रक्रियेचे चिंतन आहे. या दोन्ही गोष्टी मराठीत नेमकेपणाने सांगता येतात, एवढे त्यांवरून निश्चित होते. असे असता आंतरजालावरील मराठी कलावंतांचे निवेदन पुष्कळदा केवळ इंग्रजीत, आणि तेही उसन्या परिभाषेत आढळते. दीडशे ते दोनशे शब्दांचे निवेदन आधी स्वभाषेत लिहावे आणि मग इंग्रजीत वा कन्नडमध्ये न्यावे, असे सुचवावेसे वाटते. ज्या भाषेत विचार झाला, त्या भाषेत तो तपासून पाहणे सोपे जाते.

देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच असावा. २००० नंतरच्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळे विशिष्ट फाँटवर अवलंबून होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्यांतील मजकूर निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतो आणि शोधयंत्रालाही तो सापडत नाही. नावाच्या रोमन लेखनाबाबतही तीच दक्षता हवी. एकाच आडनावाची दोन-तीन रोमन रूपे प्रचारात असतात. कलावंताने त्यांतील एक निश्चित करून सर्वत्र तेच वापरावे, आणि शेजारी देवनागरी रूप द्यावे. अन्यथा एकाच व्यक्तीचे काम दोन व्यक्तींच्या नावे विखुरले जाते.

स्वामित्व

प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये चित्रावरील प्रताधिकार चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. चित्र विकले म्हणजे प्रताधिकारही विकला गेला असे नव्हे. त्याच्या हस्तांतरासाठी स्वाक्षरीनिशी लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. परंतु याला महत्त्वाचे अपवाद आहेत. मोबदला देऊन करवून घेतलेले चित्र वा छायाचित्र, तसेच नोकरीच्या ओघात केलेले काम, यांचा पहिला स्वामी अन्य करार नसल्यास अनुक्रमे ते करवून घेणारा व मालक हा असतो. बंगळूरच्या सॉफ्टवेअर, जाहिरात आणि सचेतपट उद्योगांत नोकरी करणाऱ्या संकल्पनकारांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. आपल्या हातचे असले तरी असे काम पोर्टफोलिओत मांडण्यापूर्वी लेखी परवानगी घेणे हिताचे असते. ती नोकरी सोडताना नव्हे, स्वीकारतानाच मागावी.

याच अधिनियमाच्या ५७व्या कलमाने कर्त्याला आपले नाव कृतीशी जोडले जाण्याचा आणि कृतीच्या विद्रूपीकरणास हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढून टाकलेल्या भित्तिशिल्पाबाबत शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी लढविलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा हक्क उचलून धरला. तथापि, न्याय मिळाला तरी मोडलेली कृती पूर्ववत होत नाही. अशा प्रसंगी तिची नोंद हेच तिचे उरलेले रूप असते.

जतन

पोर्टफोलिओची सर्वांत उपेक्षित बाजू ती हीच. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले. मराठी तरुणांत एके काळी लोकप्रिय असलेले ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, आणि गूगल प्लस २०१९ मध्ये. फ्लॅश या तंत्राला मिळणारा आधार २०२० च्या अखेरीस संपला, आणि त्या तंत्रात बांधलेली कित्येक कलावंतांची संकेतस्थळे त्यांसह निकामी झाली. इन्स्टाग्राम, बिहान्स यांसारखी माध्यमे ओळख वाढविण्यास उत्तम असली, तरी ती परक्याच्या जागेत मांडलेली पथारी आहे, याचे भान सुटू नये. आपल्या नावाचे स्वतंत्र संकेतस्थळ असावे. २०१४ पासून '.भारत' हा देवनागरी प्रत्ययही उपलब्ध आहे. संकेतनामाची मुदत वेळेवर वाढविली नाही, तर ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते.

मूळ संचिकांच्या तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळण्यास सोपा आहे. त्यासोबत कृतींची कागदावर छापलेली सूचीही ठेवावी. ती वाचण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. अखेरीस, आपल्या पश्चात संकेतस्थळाची किल्ली कोणाकडे असेल, हे कलावंताने लिहून ठेवावे. वारसांना परवलीचा शब्द ठाऊक नसेल, तर शुल्क थकताच आयुष्यभराचे काम काही महिन्यांत नाहीसे होते, आणि प्रताधिकाराची साठ वर्षे मात्र कागदोपत्री चालू राहतात.

सारांश, आंतरजालीय पोर्टफोलिओ ही तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याची बाब नाही. काय निवडावे हा समीक्षेचा, कसे नोंदवावे हा अभिलेखाचा आणि कसे सांभाळावे हा वारशाचा प्रश्न आहे. पैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर कलावंताने एकट्याने द्यावयाचे असते. उरलेल्या दोहोंत विद्यापीठांतील भाषाविभागांनी आणि कलासंस्थांनी त्याला साह्य करावे. निदान आपल्या परिसरातील मराठी कलावंतांची प्रमाण नामसूची सिद्ध करण्यापासून तरी आरंभ करावा.