दुसऱ्या कोकराचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात सेनगावच्या माळावर किंवा कयाधू नदीच्या काठाने चरणाऱ्या शंभर मेंढ्यांच्या खांडव्याचा वर्षाचा हिशेब सरळ असतो. दख्खनी मेंढी एका वेताला एक कोकरू देते, जुळं क्वचितच होतं. त्यातली काही कोकरं पावसात जातात, काही रोगाने, एखादं लांडगा उचलतो. म्हाताऱ्या मेंढ्यांची जागा भरायला काही माद्या राखाव्या लागतात. उरलेले नर बाजारात जातात आणि त्या पैशावर घर चालतं. लोकर या हिशेबात आता जवळपास धरलीच जात नाही, कारण कातरणीची मजुरी निघाली तरी पुष्कळ. खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्याचे पैसे मिळतात, पण ते हंगामापुरते. म्हणजे मेंढपाळाचं सगळं पोट एकाच आकड्यावर अवलंबून आहे: एका मेंढीमागे कोकरं किती?

हा आकडा एकावरून दीडच्या आसपास नेणारं संशोधन महाराष्ट्रातच झालं आहे, सातारा जिल्ह्यात फलटणला. ते मराठवाड्याच्या काळ्या रानात, हिंगोलीतल्या हटकर धनगरांच्या वाड्यावर टिकेल का, असा प्रश्न संपादकांनी माझ्यापुढे टाकला. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी फलटण समजून घ्यायला हवं होतं.

निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘नारी’, बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली सुरू केली. करडईच्या वाणांमुळे शेतकऱ्यांत तिचं नाव झालं. पुढे दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळी आली, तिचे उस्मानाबादी शेळीशी संकर झाले. निंबकरांना २००६ साली पद्मश्री मिळाली आणि २०२१ साली ते गेले. मेंढ्यांचं काम त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी उभं केलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात त्यांनी पीएचडी केली, तीही दख्खनी मेंढीपासून मिळणाऱ्या कोकरांचं उत्पादन कसं वाढवता येईल याच विषयावर. संस्थेचा इतिहास एवढ्यावर थांबवतो, कारण मला खरी भुरळ घातली ती एका जनुकाने.

सुंदरबनच्या खाडीकाठी, चिखलात आणि खाऱ्या वाऱ्यात, गरोल नावाची मेंढी पाळतात. अंगाने अगदी लहान, पुरी वाढली तरी दख्खनी मेंढीच्या निम्म्याच वजनाची. पण तिला जुळं होणं ही नित्याची गोष्ट, तिळंही होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९२-९३ च्या सुमारास, कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतीत पोचल्या. तिथल्या कळपांत त्या मिसळून गेल्या आणि त्यांची वेगळी ओळख पुसली गेली. दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळच्या बूरुला नावाच्या मळ्यावर सीअर्स बंधूंच्या मेरिनो कळपात एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. या मेंढ्या दोन-दोन, तीन-तीन आणि कधी त्याहून जास्त कोकरं देत होत्या. १९५८ पासून तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने त्यांचा अभ्यास सुरू केला. एका वेळी होणाऱ्या कोकरांची संख्या पुष्कळ जनुकांच्या थोड्याथोड्या हातभाराने ठरते, असाच तोवर समज होता. १९८० च्या सुमारास लक्षात आलं की बूरुला मेंढीत हे सगळं एकच जनुक घडवतंय. त्याला ‘फेक-बी’ हे नाव मिळालं.

मग २००१ साली न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंडमधल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे यामागचा बदल नेमका कुठे आहे ते शोधलं. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदललेलं आहे, ‘ए’च्या जागी ‘जी’. त्यामुळे एका प्रथिनाच्या २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येतं. हे प्रथिन अंडाशयात निरोप घेण्याचं काम करतं. त्याची पकड थोडी ढिली झाली की स्त्रीबीजाच्या पिशव्या लहान आकारातच परिपक्व होतात आणि माजाच्या वेळी एकाऐवजी दोन किंवा तीन बीजं सुटतात. पुढच्याच वर्षी गरोल मेंढीतही हाच बदल सापडला. बूरुलाची मूळ आजी बंगालची असावी, या जुन्या तर्काला मोठा आधार मिळाला.

नारीने मात्र याची वाट पाहिली नव्हती. १९९० च्या दशकातच तिथे गरोल मेंढ्या आणल्या गेल्या होत्या. १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या मदतीने पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं या कामाला जोडली गेली. सूत्र साधं होतं. गरोलचं एवढं एकच जनुक घ्यायचं आणि तिचा लहान बांधा मागे सोडायचा. गरोल आणि दख्खनीच्या पहिल्या संकरात गरोलचा हिस्सा निम्मा असतो. त्या पिढीचा पुन्हा दख्खनीशी संकर केला की पाव, आणखी एकदा केला की आठवा. दर पिढीला बांधा दख्खनीकडे झुकत जातो, पण जनुक हातचं जाऊ द्यायचं नाही. ते कुठल्या कोकरात आहे हे कळत नसेल, तर हा सगळा खेळ आंधळा.

ते कळतं कसं, हे पाहण्यासारखं आहे. कोकराच्या रक्तातून डीएनए काढतात आणि त्या जनुकाचा १९० अक्षरांचा एक तुकडा पीसीआर यंत्रात लक्षावधी प्रतींनी वाढवतात. त्यात एक विकर घालतात. बदल झालेला असेल तेवढ्याच ठिकाणी ते तुकडा कापतं, १६० आणि ३० असे दोन भाग होतात. बदल नसेल तर १९० चा तुकडा अखंड राहतो. हे मिश्रण जेलच्या पातळ थरात घालून विजेचा प्रवाह सोडला की छोटे तुकडे पुढे सरकतात, मोठे मागे राहतात. रंग देऊन प्रकाशात धरलं की पट्टे दिसतात. एकच पट्टा वरच्या बाजूला असेल तर जनुक नाही. फक्त खाली असेल तर आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती आहेत. वर आणि खाली दोन्हीकडे पट्टे दिसले तर एक प्रत आहे. मेंढा रांगेत उभा असताना त्याच्या शिंगांवरून, नाकावरून, लोकरीवरून यातलं काहीच ओळखू येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नजरेने नर पारखणाऱ्या मेंढपाळाला हीच गोष्ट पचवायला सगळ्यात जड जाते, आणि ते साहजिक आहे.

दोन्ही प्रती असलेल्या नराची खरी किंमत इथे कळते. त्याच्या प्रत्येक कोकरात, मादी असो वा नर, एक प्रत जातेच. एकच प्रत असलेल्या नराकडून ती निम्म्याच कोकरांत जाते, आणि कुठल्या निम्म्यांत ते पुन्हा तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

असे नर आणि माद्या हाताशी आल्यावर नारीने त्या जनुकाभोवती एक नवी जात बांधली, तिचं नाव ‘नारी सुवर्णा’. तिच्यात गरोलचं जनुक आहे, लोणंदकडच्या दख्खनी मेंढीचा काटकपणा आहे, कर्नाटकच्या बन्नूर मेंढीची अंगलोट आहे आणि इस्रायलमध्ये सुधारलेल्या अवासी या दुधाळ मेंढीचं रक्त आहे. यातली अवासी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. कोकरं दोन झाली तर दूध दोघांना पुरायला हवं, हा विचार पैदाशीच्या आराखड्यातच केलेला होता. मेंढपाळांच्या कळपांत हे जनुक नेलं तेव्हा एक प्रत असलेल्या मेंढ्यांनी साध्या मेंढ्यांपेक्षा ठळकपणे जास्त कोकरं दिली. काही जुळी दगावली, तरी विकण्याजोगी कोकरं जास्तच भरली.

जुळं व्यालेल्या मेंढीजवळ थोडा वेळ उभं राहिलं की या आकड्यांमागचं कष्टाचं काम दिसतं. पहिलं कोकरू उठून कासेला लागलेलं असतं आणि मेंढी त्याला चाटण्यात गुंग असते, तेवढ्यात दुसरं येतं. ते हलकं, ओलं आणि लुळं असतं. सांभाळणारा माणूस त्याच्या नाकातोंडावरचं चिकट आवरण पुसतो, गोणपाटाने अंग चोळतो आणि ते आईच्या तोंडापुढे ठेवतो. पहिल्या काही तासांत तिने त्याचा वास ओळखला नाही, तर ती पुढे त्याला लाथाडते. मग मेंढीचा मागचा पाय धरून, सडातून चिकाची धार काढून, धाकट्याच्या तोंडात सड द्यावा लागतो. एवढं करूनही त्याचं पोट भरलं की नाही, ते बोटांनी चाचपून पाहावं लागतं. जनुक दुसरं कोकरू जन्माला घालतं, ते जगवतात माणसाचे हात.

हिंगोलीचा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि तो प्रयोगशाळेतल्या प्रश्नापेक्षा अवघड आहे.

मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात दोन असतील तर नेमक्या याच काळात मेंढीला चांगली चराई आणि थोडा खुराक लागतो. नाही मिळाला तर ती स्वतःचीच चरबी जाळत राहते, खचते आणि कधी कोकरांसकट मरते. हिंगोलीत चराई उरलीय कुठे? ज्वारीची ताटं आणि कडबा असायचा त्या रानात आता सोयाबीन आहे. ते निघालं की लगेच हरभरा पेरतात. वसमतकडे सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर ऊस आणि हळद उभी असते. हळद तर नऊ महिने शेत अडवून बसते. बांधावरचं गवत तणनाशकाने जळतं. गायरानं आक्रसली, वनखात्याच्या रोपवनात मेंढ्यांना मज्जाव आहे. मेंढ्या बसवून घेऊन धान्य देणारा शेतकरी आता युरियाची गोणी आणतो. एका कोकराला पुरेल एवढा चारा शोधायलाच मेंढकाची दमछाक होत असताना त्याच्या मेंढीला दोन द्यायची, याचा विचार आधी व्हायला हवा.

दुसरी अडचण पावसाची. फलटणचा पट्टा दुष्काळी आहे, हिंगोलीत पाऊस त्याच्या मानाने बराच जास्त. काळ्या मातीत चिखल झाला की मेंढीचे खूर कुजतात आणि ओल्या गवतातून पोटात गोल कृमी जातात. अशक्त, हलक्या जुळ्यांवर याचा घाव आधी बसतो. आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांची लस वेळेवर मिळाली नाही तर खांडव्यातलं निम्मं पीक एका आठवड्यात जातं. फिरत्या वाड्याला लस वेळेवर मिळणं हा सगळीकडचाच प्रश्न आहे, कारण दवाखाना एका गावात असतो आणि वाडा रोज वेगळ्या रानात.

तिसरी गोष्ट चालण्याची. मुक्काम हलतो तेव्हा नवजात कोकरं घोड्यावरच्या डालग्यात किंवा माणसाच्या खांद्यावर जातात. कोकरं दीडपट झाली की हे ओझंही दीडपट होतं, आणि ते बहुधा घरच्या बाईच्या वाट्याला येतं. कोकरांची राखण, चिमुकल्यांना पाजणं, रात्री वाघरीच्या जाळीत कोण आत आलं आणि कोण नाही हे मोजणं, हे सगळं तीच करते. नवी जात द्यायची की नाही हे ठरवताना तिला कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिली विचारणा तिच्याकडेच व्हायला हवी, कारण दुसरं कोकरू जगेल की नाही हे तिच्या हातावर ठरणार आहे.

चौथी अडचण नराची. तपासलेला नर एकदा खांडव्यात आला की त्याची मुलं, नातवंडं होतात, आणि तिथून पुढे तपासणी थांबली तर जनुक दर पिढीला निम्म्यांत विरत जातं. बाजारात मात्र नर दिसण्यावर विकला जातो. ‘सुवर्णाचा नर’ म्हणून कुणी काहीही गळ्यात मारू शकतं. कानातल्या बिल्ल्याला रक्ततपासणीचा कागद जोडलेला नसेल, तर बिल्ला म्हणजे नुसतं प्लास्टिक. त्यामुळे तपासणीची सोय दूर न राहता जवळ यायला हवी. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र शेजारच्या नांदेड जिल्ह्यात मुखेडला आहे. तीन ठिकाणं हाताशी असताना हिंगोलीच्या मेंढपाळाला नरासाठी थेट साताऱ्यापर्यंत जावं लागू नये.

सरकारची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देते. त्या गटातला तो एक नर दोन्ही प्रतींचा, तपासलेला असावा, एवढी एकच अट घातली तरी पुष्कळ साधेल. पण त्याच कागदावर दुसरी अटही हवी: गाभणकाळाच्या शेवटच्या दीड महिन्याचा खुराक आणि विण्याच्या हंगामापुरता कोरडा आडोसा. नर मिळाला आणि खुराक मिळाला नाही, तर मेलेल्या जुळ्यांचं खापर नव्या जातीच्या माथी फुटेल आणि पुढची वीस वर्षं मेंढपाळ तिच्याकडे वळून पाहणार नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. मटणाची मागणी वाढती आहे, म्हणजे बाजार दारात उभा आहे. हटकरांची कितीतरी घरं शेतीत रमली. जी अजून खांडव्यामागे आहेत, त्यांची मुलं हा धंदा पुढे नेतील की नाही हे वर्षाकाठी हातात काय पडतं यावर ठरेल. तेच शंभराचं खांडवं, तीच दोन माणसं आणि विकायला चाळीस कोकरं जास्त, असा हिशेब जमला तर एखादा मुलगा थांबेल. हे जमवण्याइतकं विज्ञान आपल्याकडे आलं आहे, आणि तेही सगळंच परदेशातून उसनं आणलेलं नाही. जनुक सुंदरबनचं आहे आणि काम फलटणचं. फलटणने आपला वाटा उचलला आहे. आता हिंगोलीत गायरानाची हद्द कायम करणं, चराईची वाट मोकळी ठेवणं, लस वाड्यापर्यंत नेणं आणि नराची तपासणी परभणीला आणणं, ही चार कामं ज्यांच्या अखत्यारीत आहेत त्यांनी ती करावीत. या कामांशिवाय दुसरं कोकरू म्हणजे मेंढपाळाच्या डोक्यावर आणखी एक ओझं, आणि ती झाली तर तेच कोकरू त्याच्या घरातली पहिली बचत ठरेल.