पिंपातली वर्षे

नुकती गाळलेली व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. सोनेरी रंग आणि व्हॅनिलासारखा वास ओकच्या पिंपातून उतरतो. मग जितकी वर्षे जास्त, तितकी चव चांगली?

स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातला दरसाल सुमारे २ टक्के द्रव उडून जातो. १२ वर्षांनी ७८ टक्के उरतो. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट मुरते. तिथे ही घट सुमारे ८ टक्के; म्हणजे १२ वर्षांनी उरेल जेमतेम ३७ टक्के! (०.९२चा बारावा घात विद्यार्थ्यांकडून जरूर काढून घ्यावा.) मात्र उष्णतेत लाकडाचा अर्कही लवकर उतरतो, म्हणून ती कमी वर्षांत तयार होते.

आम्हाला विचाराल तर लेबलावरच्या वयापेक्षा पेला नाकाशी नेलेला बरा. व्हॅनिला, धूर हे जिभेला कळतच नाहीत. ते वास आहेत.