‘फुल अँड फायनल’ म्हणजे काय रे भाऊ?

मागच्या दिवाळीत वाशिमला मामांकडे गेले होते. सुट्टी कसली! लॅपटॉप मांडीवर आणि डोक्यात एकच टेन्शन: क्लायंटकडे अडकलेले 18 हजार. 30 हजारांच्या कामापैकी 12 हजार आले होते आणि मी खुशीत मेल टाकला होता, ‘रिसीव्ह्ड विथ थँक्स इन फुल अँड फायनल सेटलमेंट’. कसं भारदस्त वाटतं ना? बाकीचे मागितले, तर क्लायंटने माझाच मेल मला परत पाठवला.

मामांचं सोयाबीनचं अडत दुकान. इंग्रजी बेताचंच. मी मेलचा अर्थ सांगितला, तसा त्यांनी कपाळावर हात मारला. “तू तं ‘भरून पावलो’ लिहून देलं वं! ‘पैकी जमा’ लिवा लागत होतं.”

बास! डिग्रीने शिकवलं नाही ते मामांच्या खातेवहीने शिकवलं. बिलातले शब्द सजावटीचे नसतात. 1872 च्या करार कायद्यानुसार घेणेकऱ्याने कमी पैशांत समाधान मानलं, तर बाकीवरचा त्याचा हक्क सुटू शकतो. तेव्हा दोस्तहो, ‘सेंड’ दाबण्याआधी एवढं बघाच:

• थोडेच पैसे आले? ‘पार्ट पेमेंट रिसीव्ह्ड’ लिहा आणि पुढे ‘बॅलन्स ड्यू’ म्हणून उरलेला आकडा.

• ‘इन्व्हॉइस’ पैसे मागतं, ‘रिसीट’ मिळाल्याचं सांगते, ‘कोटेशन’ कामाआधी भाव सांगतं. अदलाबदल नको.

• ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’ला तारीख नसते. ‘पेएबल बाय 15 मार्च’ म्हणजे त्या दिवसापर्यंत. ‘नेट 30’ म्हणजे बहुधा बिलाच्या तारखेपासून 30 दिवसांत. मुदत उलटली की मगच ‘ओव्हरड्यू’.

• ‘पे फॉर द बिल’ नाही, ‘पे द बिल’. ‘पे फॉर’ कामासाठी किंवा वस्तूसाठी.

• रकमेपुढचं ‘ओन्ली’ म्हणजे आपलं ‘अक्षरी रुपये… फक्त’. पुढे कुणी शब्द घुसडू नये म्हणून. चेकवर आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत, तर 1881 चा कायदा अक्षरांना मानतो. बँक मात्र असा चेक बहुधा परतच करते.

आणि हो, फ्रीलान्सर असाल तर उद्यम नोंदणी करून घ्या. 2006 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलाची मुदत करारातही 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही.

मी नवा मेल लिहिला. आधीचे शब्द चुकून गेले, 12 हजार हे पार्ट पेमेंट, बॅलन्स ड्यू 18 हजार, आणि खाली ठळक तारीख. सोबत कामाची मूळ ऑर्डर. महिन्याभराने 10 हजार आले. या वेळी उत्तर जपून दिलं, ‘बॅलन्स ड्यू 8 हजार’. मग मामांना फोन लावला. “आता ‘भरून पावलो’ कधी लिहू?”

“आखरीचा रुपया हातात आला का मंग लिव.”