आकडे, बोटं आणि सोंग

'रोल-प्लेइंग गेम' कशाला म्हणायचं? २०१८च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये या गटाचा पुरस्कार 'मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड'ला मिळाला. त्यातल्या शिकाऱ्याने कितीही राक्षस लोळवले, तरी त्याच्या अंगची ताकद वाढत नाही. मेलेल्या राक्षसाचे खवले नि हाडं लोहाराकडे नेऊन नवं चिलखत घडवायचं, एवढीच त्याची प्रगती. त्याच वर्षी 'गॉड ऑफ वॉर'च्या नायकाला रीतसर लेव्हल होती, अनुभवाचे गुणही होते. त्याला बसवलं मात्र अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचरच्या पंगतीत.

परीक्षकांना तरी किती दोष द्यायचा? घोळ जन्मापासूनचा आहे. १९६९मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्लीने नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला आणि काही खेळाडूंना पलटणींऐवजी एकेक माणूस दिला : कुणी महापौर, कुणी बँकवाला, कुणी कुलगुरू. मंडळी कोपरे धरून कट शिजवू लागली नि लढाई राहिली बाजूला. खेळ फसला असं वेस्लीला वाटलं; खेळणारे मात्र 'पुन्हा मांड' म्हणून मागे लागले. त्या टोळक्यातल्या डेव्ह आर्नेसनने गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावरचा खेळ आणला. त्यात युद्धखेळातले आकडे आले आणि हे सोंगही.

संगणकाने यातले आकडे उचलले. पहारेकऱ्याला थाप मारून आत शिरायचं कुणाला सुचलं, तर टेबलाशी बसलेला पंच तिथल्या तिथे निवाडा देतो. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा'च्या १९८१मधल्या यंत्रांना ते कुठून जमणार? बेरीज-वजाबाकी मात्र चोख. त्यामुळे लेव्हल वाढणं हीच या प्रकाराची खूण ठरली. २००७मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी ४'च्या ऑनलाइन गोळीबारातही ५५ लेव्हल आल्या आणि ती खूणही कुचकामी झाली.

त्यातल्या त्यात टिकाऊ कसोटी अशी : निकाल खेळणाऱ्याच्या बोटांवर लागतो की पात्राच्या कुवतीवर? 'डिस्को एलिझियम'मध्ये (२०१९) स्मृती गेलेला डिटेक्टिव्ह छताच्या फिरत्या पंख्यावरचा आपला टाय ओढायला जातो. फासे पडतात. दान उलटं पडलं आणि प्रकृती तोळामासा असेल, तर गडी तिथेच हृदय बंद पडून मरतो. बोटांची चपळाई काही कामाची नाही. याच कसोटीवर 'मॉन्स्टर हंटर' मात्र साफ नापास होतो.

आणि टेबलावरचा 'फियास्को' (२००९) तर कसोटीच उधळून लावतो. त्यात पंच नाही, पात्रांना गुण नाहीत, लेव्हल नाही. पांढरा फासा मिळाला तर प्रसंगाचा शेवट बरा करायचा, काळा मिळाला तर वाईट. बाकी सगळं सोंग.