थेंबाचा मुकुट

दुधाच्या पातळ थरावर दुधाचाच थेंब पडला की त्याच्याभोवती गोल भिंत उठते, भिंतीच्या काठाला टोकं फुटतात, टोकांवरून बारीक मणी सुटतात आणि सगळं पुन्हा सपाट होतं. हे नाट्य सेकंदाच्या काही शतांश भागांत आटोपतं. डोळ्याला दिसतो तो फक्त एक शिंतोडा.

ते टिपण्याचा ध्यास घेतला आर्थर वर्थिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने. 1870च्या दशकात त्याने कामाला सुरुवात केली, तेव्हा इतक्या झटपट फोटो घेण्याची सोय नव्हती. त्याने युक्ती काढली. खोलीत काळोख करायचा, थेंब सोडायचा आणि ठरलेल्या क्षणी विजेची ठिणगी पाडायची. त्या उजेडात थेंबाची एकच अवस्था डोळ्यांपुढे यायची. डोळ्यांत रेंगाळलेलं ते चित्र लगेच कागदावर काढायचं. मग पुढचा थेंब. ठिणगी मात्र आता किंचित उशिरा. अशा शेकडो थेंबांच्या तुकड्यांतून त्याने एका शिंतोड्याची गोष्ट जुळवली. ती चित्रं देखणी होती. प्रत्येक मुकुट रेखीव, प्रत्येक टोक सारख्या अंतरावर.

1894च्या सुमारास तंत्र सुधारलं आणि आर. एस. कोल या सहकाऱ्याच्या मदतीने वर्थिंग्टनला थेंबांचे फोटो मिळाले. त्यांतले मुकुट वाकडेतिकडे होते. कुठे टोकं दाटीने आलेली, कुठे एक बाजू खचलेली.

वर्थिंग्टनने जुन्या वह्या चाळल्या. ओबडधोबड शिंतोडे तेव्हाही दिसले होते, काही कागदावरही उतरले होते. पण ते बिघडलेले नमुने समजून त्याने बाजूला ठेवले होते आणि छापण्यासाठी निवडताना सुबक तेवढे घेतले होते. मनातला आदर्श शिंतोडाच तो वर्षानुवर्षं रेखाटत आला होता. हे त्याने स्वतः छापील शब्दांत मान्य केलं. 1908 साली आलेल्या त्याच्या ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ या ग्रंथात मग फोटोंनाच मुख्य जागा मिळाली.

मुकुट असा खडबडीत का होतो? थेंब आदळला की द्रवाचा पातळ पडदा वर आणि बाहेर फेकला जातो. पृष्ठताण त्याला मागे खेचतो, त्यामुळे काठावर द्रव साचून जाडसर कड तयार होते. अशी लांबट कड एकसंध टिकत नाही. ती जागोजागी फुगते, फुगवट्यांतून टोकं निघतात आणि टोकांचे मणी तुटतात. सुरुवातीचा नगण्य थरथराटही इथे मोठा होतो. म्हणून सारखेपणा अवघड.

तरीही सुबक मुकुटाची ओढ सुटली नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे हॅरॉल्ड एजर्टन 1930च्या दशकापासून दुधाच्या थेंबामागे लागले होते. दूध निवडण्याचं कारण साधं : पाणी पारदर्शक, दूध पांढरंशुभ्र, म्हणून आकार उठून दिसतो. त्यांच्या स्ट्रोब दिव्याचा झोत इतका क्षणिक असे की थेंब जागच्या जागी थिजल्यासारखा दिसे. 1937 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या छायाचित्र प्रदर्शनात त्यांचा मुकुट लागला. लाल पृष्ठभागावरचा प्रसिद्ध रंगीत फोटो 1957चा. एजर्टन मात्र स्वतःला कलावंत नव्हे, इंजिनीअरच म्हणवून घेत.

आज असा फोटो घरच्या फ्लॅशवरही निघतो. अंधाऱ्या खोलीत शटर उघडं ठेवायचं; हालचाल गोठवण्याचं काम शटर नव्हे, फ्लॅश करतो. फ्लॅशची शक्ती जितकी कमी ठेवावी तितका त्याचा झोत अल्पजीवी होतो. थेंब पडण्याच्या जागी पेन्सिल धरून आधी फोकस पक्का करून घ्यायचा. पहिल्या थेंबामुळे पाण्याचा खांब वर उसळतो. त्याच्या माथ्यावर दुसरा थेंब बसला तर छत्री उमलते. त्यासाठी हौशी मंडळी विजेवर चालणारी झडप वापरतात आणि पाण्यात ग्लिसरीन किंवा ग्वार गम घालून ते जरा दाट करतात.

डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने उलटी वाट धरली. कॅलिफोर्नियात 1967 साली त्याने ‘अ बिगर स्प्लॅश’ रंगवलं : निळा जलतरण तलाव, सूर मारायची फळी आणि उसळलेलं पांढरं पाणी. सूर मारणारा दिसतच नाही. मुळात आधार होता पोहण्याच्या तलावांवरच्या पुस्तकातला एक फोटो. भिंत, आकाश, तलाव हे सगळं सपाट रंगांत झालं; पण दोन सेकंदांत विरणारा तो फवारा बारीक कुंचल्यांनी रेघ न् रेघ काढायला हॉकनीला सुमारे दोन आठवडे लागले. पाणी अंगावर उडवल्यासारखा रंग फेकून ते झटक्यात उरकता आलं असतं, पण त्याला नेमकं तेच नको होतं. चित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

इतके फोटो निघाल्यावरही शिंतोड्यातला एक भागीदार नजरेतून निसटला होता. 2005 साली शिकागो विद्यापीठातल्या लेई शू, वेंडी झांग आणि सिडनी नेगल यांनी कोरड्या, गुळगुळीत काचेवर अल्कोहोलचे थेंब टाकून हाय-स्पीड कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि भोवतालची हवा हळूहळू काढून घेतली. हवेचा दाब नेहमीच्या साधारण एक षष्ठांशावर आला तेव्हा थेंब आदळला, काचेवर पसरला. पण शिंतोडा उडाला नाही. कोरड्या काचेवर थेंबाला फोडण्यात हवेचाही हात होता, आणि ती कुठल्याच फोटोत दिसत नव्हती.