पाप कुणाचं, वेळ कुणाची?
लेखमाला : देव, दैव आणि माणूस (भाग ६)

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या आसपासच्या गावांत बांधीतलं उभं धान करपलं, दुभती म्हैस अचानक मेली किंवा पोराचा ताप आठ-आठ दिवस उतरला नाही, की घरातलं जुनं माणूस दवाखान्याबरोबर भगताचंही नाव काढतं. भगत सुपात मूठभर धान टाकतो, दाणे जोडीजोडीने बाजूला सरकवतो आणि शेवटी जोडी उरते की एकटा दाणा, ते पाहून बोलतो. इथे एक बारकावा आहे. पुढे काय होणार, हे विचारायला माणसं क्वचितच येतात. त्यांना झालेल्याचं कारण हवं असतं. देव कोपला का? पितरांचं काही राहिलं का? की कुणी केलं?

मागच्या भागात आजीवकांची नियती आणि मीमांसकांचं अपूर्व पाहिलं. या भागात ख्रिस्ती विचाराची पाळी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात हा विचार परका वाटण्याचं कारण नाही. दैवाचा प्रश्न आयुष्यभर उशाशी घेऊन झोपलेला एक मराठी पंडित ख्रिस्ती झाला आणि काही काळ याच चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, पाद्री म्हणून राहिला. त्याच्याकडे येऊच.

आधी मूळ ग्रंथ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात रस्त्याने जाताना येशूला एक जन्मांध माणूस दिसतो. शिष्य लगेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? सुपातल्या दाण्यांना विचारला जातो तोच हा प्रश्न. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात सिलोआमचा बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा उल्लेख आहे. मेलेले इतरांपेक्षा जास्त पापी होते का, याचंही उत्तर ‘नाही’ असंच येतं. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात गेलेल्या बाईवर वाघाने झडप घातली, की गावात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात : ‘तिची वेळ भरली होती’ आणि ‘काहीतरी मागचं असेल’. त्यातलं दुसरं वाक्य या दोन उताऱ्यांनी साफ बाद ठरवलं. पहिल्याचा निकाल लावणं मात्र चर्चला इतकं सोपं गेलं नाही.

आता तो पंडित. नीळकंठशास्त्री गोरे, जन्म १८२५, झाशीजवळचा. घराणं कोकणस्थ, वाढ काशीत. १८३९ साली जॉन म्यूर या कंपनीच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू शास्त्रांवर टीका केली. त्याला उत्तर देणाऱ्या पंडितांत विशीतला नीळकंठ होता. त्याच्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या ग्रंथातली एक चाल आजही तर्काच्या वर्गात शिकवावी अशी आहे. तो विचारतो, पूर्वजन्म नाही असं तुम्ही म्हणता. मग एक मूल जन्मतःच सुखात आणि दुसरं जन्मतःच दुःखात, हे कसं? कर्माने त्याचा हिशेब लागतो. कर्म काढून टाकलं की तुमचा देव अन्यायी ठरतो.

या वादातच तो मिशनऱ्यांकडे जाऊ लागला. त्यांना हरवायचं म्हणून बायबल वाचलं आणि मार्च १८४८ मध्ये जौनपुरात बाप्तिस्मा घेतला. नाव पडलं नेहेम्या. पुढे १८६० साली त्याने हिंदीत ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिलं. त्यात तो स्वतःच्याच जुन्या किल्ल्यावर चालून गेला. कर्म अनादि आहे असं म्हटलं, की पहिला न्याय कधी झाला हे सांगताच येत नाही. कारण पाठीमागे ढकलत राहायचं आणि त्याला उत्तर म्हणायचं, हा त्याचा मुख्य आक्षेप. म्हणजे एकाच माणसाने एकाच प्रश्नाची दोन्ही टोकं, तीही पूर्ण ताकदीने, लढवली. मराठी माणसाच्या वैचारिक इतिहासात असा प्रसंग विरळाच. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कर्माचा हिशेब फाडला तरी जन्मांध मूल समोर तसंच राहतं. शंका गोऱ्यांना शेवटपर्यंत छळत राहिल्या, हे त्यांच्या चाहत्यांनीही लिहून ठेवलं आहे.

१८७० मध्ये ते पूर्ण दीक्षित पाद्री झाले आणि त्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं काम करायला चांद्यात आले. तेव्हाचं चांदा म्हणजे गोंड राजांचा परकोट, भोवती रान. सहा दर्शनं कोळून प्यालेला पंडित अशा गावी उपदेश करू लागला. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे वळवणाऱ्यांत त्यांच्या लेखनाचा वाटा होता, हे सर्वज्ञात आहे. चांद्याचा मुक्काम मात्र चंद्रपूरकरांनाही फारसा ठाऊक नसतो.

चांद्याच्या दुसऱ्या ख्रिस्ती परंपरेची गोष्ट आणखी गमतीची आहे. पेपरमिलच्या बल्लारपुरात संत थॉमसच्या नावाचं कॅथेड्रल आहे. ते चांदा धर्मप्रांताचं मुख्य चर्च. हा धर्मप्रांत केरळच्या सिरो-मलबार चर्चचा आहे; १९६२ मध्ये तिथल्या सीएमआय संघाच्या पाद्र्यांकडे हा मुलूख सोपवला गेला आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. या चर्चच्या पूर्वजांना जून १५९९ मध्ये उदयंपेरूर इथे गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांनी धर्मसभा भरवून चांगलंच फैलावर घेतलं होतं. सभेच्या ठरावांत त्यांच्यात शिरलेल्या तीन चुका नोंदल्या आहेत. एक, जीव पुन्हा जन्म घेतो. दोन, सगळं दैवाने घडतं, जन्मवेळेनेच माणूस बांधला जातो. तीन, जो तो आपापल्या धर्माने तरतो. लग्नाला शुभ दिवस बघणं आणि भविष्य सांगणाऱ्यांकडे जाणं, यावरही बंदी घातली गेली. पोर्तुगीजांनी ही सभा जबरदस्तीने लादली, हा तिच्यावरचा आरोप खराच आहे. पण बंदीची यादी लोक काय करत होते ते प्रामाणिकपणे सांगते. शतकानुशतकं ख्रिस्ती असलेली माणसं शेजाऱ्यांसारखंच जातक मांडत होती, मुहूर्त काढत होती.

बंदीचं मूळ बायबलातच आहे. त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणारे, चेटूक करणारे, मेलेल्यांना विचारणारे अशी जंत्रीच दिली आहे. मात्र तोच ग्रंथ शौल राजाला एन-दोर गावच्या बाईकडे रात्री वेष पालटून पाठवतो, बाळ येशूपर्यंत पूर्वेकडच्या ज्योतिष्यांना ताऱ्याच्या मागून आणतो आणि यहूदाची रिकामी जागा भरायला प्रेषितांना चिठ्ठ्या टाकायला लावतो. ही ओढाताण सोडवायला ज्याने सर्वांत जास्त घाम गाळला, तो ऑगस्टीन. हा चौथ्या-पाचव्या शतकातला उत्तर आफ्रिकेचा बिशप. तरुणपणी स्वतः ज्योतिषाच्या नादी लागलेला.

त्याचा नाद सुटला तो एका मित्राच्या घरच्या गोष्टीने. मित्राचं नाव फर्मिनस. त्याच्या बापाला आणि बापाच्या एका स्नेह्याला ज्योतिषाचं इतकं वेड, की घरातल्या मुक्या जनावराची वीण झाली तरी वेळ टिपून ठेवायचे. फर्मिनसच्या आईचे दिवस भरले तेव्हाच स्नेह्याच्या घरची एक दासीही बाळंत व्हायला आली होती. दोघांनी ठरवलं, मूल झालं की तत्क्षणी सांगावा धाडायचा. दोन्ही घरून निरोपे निघाले आणि बरोबर मध्यावर एकमेकांना भेटले. एकच घटका, एकच पळ, म्हणजे कुंडलीही एकच. फर्मिनस श्रीमंतीत वाढला, मानमरातब मिळवला. दासीचा मुलगा दासच राहिला. ऑगस्टीनने यातून सरळ निष्कर्ष काढला : ज्योतिषी खरं बोलला तर तो योगायोग. कुंडलीने जे वेगळं करता आलं नाही, ते मालकी हक्काच्या कागदाने केलं होतं, हे त्याच्या नजरेतून बहुधा निसटलं. आजच्या वाचकाच्या नजरेतून निसटू नये.

ग्रहांना हाकललं आणि ऑगस्टीन दुसऱ्याच पेचात सापडला. देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, कोण तरणार हेही त्याच्याच कृपेवर, तर माणसाच्या निवडीला अर्थ काय? पेलॅजियस नावाच्या साधूने नेमकं हेच विचारलं आणि अखेर पाखंडी ठरला. हजार वर्षांनी वाद पुन्हा पेटला. १५२४ मध्ये इरॅस्मसने माणसाच्या इच्छेच्या बाजूने पुस्तक लिहिलं, १५२५ मध्ये लूथरने ती इच्छा बांधलेली आहे असं उत्तर दिलं. कॅल्व्हिनने तर कोण तरणार, कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवल्याचं ठामपणे मांडलं. तोच कॅल्व्हिन १५४९ मध्ये ज्योतिषाविरुद्ध पुस्तिका काढतो! लूथर ज्योतिषाची टिंगल करायचा, तर त्याचा उजवा हात मेलांख्थोन पत्रिका मांडायचा. गौरिको नावाच्या इटालियन ज्योतिष्याने लूथरची जन्मतारीखच सरकवून १४८४ मध्ये नेली, म्हणजे त्याला हवा तो अशुभ योग जुळावा. पत्रिका जुळत नसेल तर जन्मवेळ ‘शुद्ध’ करून घेण्याची युक्ती आपल्याकडच्या लग्नघरांनाही अनोळखी नाही.

विदर्भात ही सगळी मतं एकमेकांच्या शेजारी नांदली. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनच्या वळणाचे. गोऱ्यांचं चांद्याचं मिशन अँग्लिकन. बल्लारपूरचे फादर कॅथलिक, माणसाची इच्छा जखमी आहे पण मेलेली नाही असं मानणारे. यांतली पहिली दोन घराणी १९७० मध्ये नागपुरातच स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये एकत्र आली. दैवाच्या प्रश्नावर त्यांचे पूर्वज एकमेकांची पुस्तकं खोडत होते, याची आठवण रविवारच्या उपासनेत कुणाला होत असेल असं वाटत नाही.

याच मुलुखातल्या आगगाडीत १८९३ साली एक भाकीतही झालं. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक परदेशी गृहस्थ भेटले. भवभूतीवर, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, मग धर्मावर. निघताना त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि सांगितलं की तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अशक्य वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे भविष्य म्हणायचं का? ज्योतिष्याचं भाकीत असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण टिळकांनी मधली दोन वर्षं पुस्तक वाचण्यात, पत्रव्यवहारात आणि घरादाराच्या रोषाच्या धास्तीत काढली. त्या निर्णयाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय मोजली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. गाडीतल्या माणसाने तारीख सांगितली. चालत जावं लागलं टिळकांनाच.

चर्चची बंदी कितीही कडक असो, भाविक तिला वळसा घालतोच. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर अनेक चर्चमध्ये बायबलच्या वचनांची कार्डं ताटात मांडतात. रांगेतला प्रत्येक जण डोळे मिटून एक उचलतो, ते त्याचं वर्षभराचं वचन. कार्ड उलटताना चेहऱ्यावरचा ताण पाहावा. नोकरीच्या शोधातल्या मुलाला धीर धरायला सांगणारं वचन आलं, की आई हळूच विचारते, ‘अजून एक उचलू का?’ फुटपाथवरच्या पोपटाच्या चिठ्ठीपासून हे किती लांब, यावर पाद्र्यांतही मतभेद आहेत. जर्मनीतल्या हेर्नहूटचे मोरेव्हियन ख्रिस्ती तर १७३१ पासून दर दिवसाचं वचन चिठ्ठ्या टाकून ठरवतात आणि छापतात. खुद्द ऑगस्टीनने मिलानच्या बागेत पोथी जिथे उघडेल तिथे वाचून आयुष्य बदललं. पुढे मात्र संसारी कामांसाठी शुभवर्तमानातून कौल काढणाऱ्यांवर त्याने नाराजी व्यक्त केली. गोव्यात कॅथलिक घरांतही मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढतात. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने कुंडली, हस्तरेषा, शकुन, माध्यमं असं सगळं एका दमात नाकारलं आहे. राशिभविष्याचा रकाना वाचणं तेवढ्याने बंद झालेलं नाही.

इतपत निरुपद्रवी. सुपातल्या दाण्याने माणसाचं नाव घेतलं की प्रकरण बदलतं. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्याच जिवती तालुक्यात वणी खुर्द इथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नेमक्या याच जागी बोट ठेवतो. अमका करणी करतो, तमकीने मंत्राने जनावराचं दूध आटवलं, असं जाहीर करणं हा त्यात गुन्हा आहे; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांचा सल्ला मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. बायबलची जंत्री अशी सवलत कुणालाच देत नाही. कायदा इजा मोजतो, म्हणून त्याने ग्रहाचं नाव घेणाऱ्याला सोडलं आणि शेजारणीचं नाव घेणाऱ्याला धरलं, हे शहाणपणाचंच म्हणायचं.

भविष्यकथनामागच्या पैशाचा हिशेब मात्र बायबलने चोख मांडला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरात एक गुलाम मुलगी आहे. तिच्या अंगात येतं, ती भविष्य सांगते आणि कमाई मालक घेतात. पौल तिच्या अंगातला आत्मा काढतो. मालकांच्या लक्षात येतं की आता मिळकत बुडाली. ते पौल आणि सीला यांना ओढत चौकात अधिकाऱ्यांपुढे नेतात. तिथे मिळकतीचा शब्दही काढत नाहीत. हे परके लोक आमच्या शहराच्या चालीरीती बिघडवतात, अशी फिर्याद देतात. दोघांना फटके बसतात आणि कोठडी मिळते. त्या मुलीचं पुढे काय झालं, याची नोंद नाही.

(पुढील भागात : सुफींची तकदीर आणि चांद्याचे दर्गे)