गोळी सापडल्यानंतरची लढाई

ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही, पण स्लो गाडी थेट परळला पोहोचवते. कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांना ही वाट ‘टाटाला जायचंय’ एवढ्यानेच कळते. 1941 साली सुरू झालेल्या त्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या साक्षीने कर्करोगाची समज पार बदलत गेली.

1952 साली परळमध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं. संस्थापक संचालक होते डॉ. वसंत खानोलकर. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकं, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा कितपत हात आहे, हे रणदिवे उंदरांवर तपासत होत्या. पेशी बिघडलेली दिसत होती. बिघाडाचं नेमकं ठिकाण हाती लागायचं होतं.

ते आधी लागलं रक्ताच्या एका कर्करोगात, सीएमएलमध्ये. 1960 साली फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतात. त्यातून दोन जनुकं जोडली जाऊन असं विकर तयार होतं, ज्याचं बटण कधी बंदच होत नाही. पेशी वाढतच राहते. इमॅटिनिबची गोळी त्याच विकराच्या खाचेत बसून त्याचं काम थांबवते. 2001 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत ती घेणारे सुमारे 83 टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते.

पण तेव्हा नोव्हार्टिस कंपनीच्या मूळ ब्रँडचा महिन्याचा खर्च सुमारे 1 लाख 20 हजार रुपये होता, आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. स्वस्त गोळी टिकली.

आपल्याकडच्या पुरुषांना सर्वाधिक ग्रासणारा तोंडाचा कर्करोग मात्र इतक्या सहज आवरत नाही. तिथे अनेकदा टीपी53 हे पेशीला लगाम घालणारं जनुकच निकामी झालेलं असतं. जास्त चालणारं विकर औषधाने अडवता येतं. हरवलेला लगाम परत आणणं फार अवघड. टाटाच्या डॉक्टरांनी वेगळा मार्ग धरला. प्रतिकारपेशींवरचा अडसर काढणारं निवोलुमॅब त्यांनी नेहमीच्या 240 ऐवजी फक्त 20 मिलिग्रॅम दिलं. डोकं-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेलं. 2023 मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार19 या रक्ताच्या कर्करोगावरच्या पेशीउपचाराला मान्यता मिळाली. परदेशी उपचारांहून तो बराच स्वस्त, तरी खर्च लाखांतच.

औषधाची मात्रा कमी करणं आणि किंमत उतरवणं हे माझ्या मते नवं औषध शोधण्याइतकंच मोठं काम आहे. आता पुढची मागणी बिघाड नेमका कुठे आहे ते सांगणाऱ्या जनुकचाचणीची हवी. कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात नमुना द्यावा आणि योग्य गोळी वेळेत ठरावी, हा इथल्या प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे.